मेलेल्या नटाची अब्रू : ग्रुंडगेन्स आणि ‘मेफिस्टो’ खटला

या खटल्यातली दोन्ही मुख्य माणसं निकालाच्या दिवशी हयात नव्हती. एक नट, गुस्ताफ ग्रुंडगेन्स. एक लेखक, क्लाउस मान. नट १९६३ मध्ये मनिलाच्या एका हॉटेलात गेला, लेखक १९४९ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात. दोघांच्याही मृत्यूला कारण झोपेच्या गोळ्या. आणि एके काळी दोघं एकमेकांचे मेहुणे होते.

२४ फेब्रुवारी १९७१ रोजी पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने कार्ल्सरूह इथे निकाल दिला. प्रश्न होता तो या लेखकाने या नटावर बेतलेली म्हटली जाणारी कादंबरी छापू द्यायची की नाही. सहा न्यायाधीशांची मतं तीन-तीन अशी पडली. मतं समसमान झाली तर घटनाभंग झाला असं म्हणता येत नाही, असा तिथला नियम. त्यामुळे खालच्या न्यायालयांनी घातलेली बंदी तशीच राहिली.

कायदा शिकणारी जर्मन मुलं हा निकाल कलास्वातंत्र्य विरुद्ध मानवी प्रतिष्ठा या मथळ्याखाली घोकतात. ते बरोबरच आहे. पण मला हे प्रकरण विंगेतून बघायचंय. ज्या अब्रूवरून कोर्टात इतकी वर्षं गेली ती कमावली कशी होती, कुणाच्या मेहेरबानीने टिकली होती आणि त्या मेहेरबानीच्या आडोशाला कोण जगलं, हे डोळ्यांसमोर नसेल तर निकालपत्र नुसतंच शब्दांचा ढीग वाटतं.

‘व’ जाऊन ‘फ’

गुस्ताफ ग्रुंडगेन्सचा जन्म २२ डिसेंबर १८९९ चा, ड्युसेलडॉर्फचा. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि तिथल्या तिथे सैनिकांसाठी नाटकं करणाऱ्या मंडळीत शिरला. युद्धानंतर ड्युसेलडॉर्फमध्येच लुइझ ड्युमाँ आणि गुस्टाव लिंडेमान यांच्या नाट्यशाळेत शिक्षण, मग हाल्बरस्टाट, कील अशी लहान गावांतली रंगमंचं. नावाच्या शेवटचा ‘व’ काढून ‘फ’ त्याने याच काळात लावून घेतला. नटाने नाव बदलणं यात नवल काही नाही. पण पुढे कादंबरीतल्या नायकाला स्वतःच्या नावातल्या एका अक्षराचा असाच सोस आहे, आणि वाचणाऱ्याला तिथे कोपरखळी लगेच कळते.

१९२३ ते १९२८ तो हॅम्बुर्गच्या कामरश्पीले या थिएटरात होता. एरिष त्सीगल आणि त्याची बायको मिर्याम होर्विट्स ते चालवत. ही दोन नावं लक्षात ठेवावीत, पुढे परत येतील. १९२५ मध्ये तिथे विख्यात कादंबरीकार थॉमस मान यांचा मुलगा क्लाउस याचं ‘आन्या आणि एस्थर’ हे नाटक उभं राहिलं. रंगमंचावर चौघं : अठरा वर्षांचा क्लाउस स्वतः, त्याची बहीण एरिका, नाटककार वेडेकिंडची मुलगी पामेला आणि ग्रुंडगेन्स. बाकी तिघं मोठ्या घरांतली मुलं. ग्रुंडगेन्सला मागे कुणी नाही, पण अभिनय खराखुरा येणारा त्यांच्यात तो एकटाच. १९२६ च्या जुलैमध्ये एरिका आणि त्याचं लग्न झालं, १९२९ ला घटस्फोट. चौघांतले प्रेमाचे धागे नेमके कुणाचे कुणाशी होते हा विषय चविष्ट आहे, पण इथे त्याची गरज नाही. ग्रुंडगेन्स समलिंगी होता एवढं मात्र नोंदवायला हवं, कारण १९३५ नंतरच्या जर्मनीत त्याचा अर्थ तुरुंग किंवा छावणी असा होऊ शकत होता.

१९२८ ला तो बर्लिनला, दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या थिएटरात आला. १९३१ मध्ये फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या बोलपटात त्याने तिजोरीफोड्यांच्या म्होरक्याचं काम केलं. चामड्याचा लांब कोट, गोल टोपी, हातांत काळे मोजे. शहरातले चोर-दरोडेखोर मिळून एका बालहत्याऱ्यावर बंद पडलेल्या दारूभट्टीत खटला भरतात, आणि न्यायाधीशाच्या जागी हा. आवाज चढवत नाही. मोजे घातलेला हात टेबलावर ठेवतो आणि बोलतो. त्या थंडपणातच सगळी दहशत आहे. बत्तीस-तेहेतीस वर्षांनी याच माणसाच्या नावाने खरं कोर्ट भरणार होतं, हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही.

डिसेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या जांदार्मनमार्क्टवरच्या प्रशियन राज्य नाट्यगृहात गटेच्या ‘फाउस्ट’चा, म्हणजे सैतानाशी करार करणाऱ्या विद्वानाच्या नाटकाचा, पहिला भाग लागला. वेर्नर क्राउस फाउस्ट, ग्रुंडगेन्स मेफिस्टो. म्हणजे सैतान, पण शिंगं-शेपटीवाला नव्हे. हुशार, चपळ, हसून घेणारा. बर्लिनने त्याला डोक्यावर घेतलं. दोन महिन्यांनी, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर चॅन्सेलर झाला.

खुर्ची

एरिका आणि क्लाउस १९३३ च्या मार्चमध्येच देश सोडून गेले. ग्रुंडगेन्स त्या सुमाराला चित्रीकरणासाठी स्पेनमध्ये होता. तो परत आला. या प्रकरणाचा सांधा इथे आहे. बाहेर होता आणि परत आला. भाषेत जगणाऱ्या नटाला देश सोडणं म्हणजे जीभ सोडणं, ही सबब नंतर अनेकांनी दिली आणि ती खोटी नाही. हॉलिवूडमध्ये पोचलेल्या जर्मन नटांपैकी कितीतरी जणांना मोडक्या इंग्रजीत नाझी अधिकाऱ्यांचीच कामं करावी लागली. पण ग्रुंडगेन्स नुसता राहिला नाही, तो चढला.

कसा चढला ते समजायला नाझी सत्तेतली एक भाऊबंदकी माहीत हवी. देशभरातली नाटकं-सिनेमे गोबेल्सच्या प्रचार खात्याकडे होती. पण प्रशियाचा मुख्यमंत्री हेर्मान गोअरिंग होता, आणि बर्लिनचं राज्य नाट्यगृह प्रशियाचं. गोअरिंगने ते गोबेल्सच्या हाती लागू दिलं नाही. त्याला गोबेल्सपेक्षा उजवं थिएटर हवं होतं, दिमाखदार, जगाला दाखवता येईल असं. शिवाय त्याची होणारी बायको एमी झोनेमान स्वतः नटी, याच नाट्यगृहात काम करणारी. आधी बसवलेले पक्षाच्या मर्जीतले संचालक चालले नाहीत. १९३४ मध्ये गोअरिंगने चौतिशीतल्या ग्रुंडगेन्सला नाट्यगृहाचा प्रमुख केलं.

तो पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. दगडाखाली हात अडकलेल्या माणसाची ही जर्मन गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल, पण इथे हात त्याने स्वतः घातला होता. हाताला सोनं लागलं आणि दगडही बसला.

याच नाट्यगृहात हान्स ओटो नावाचा देखणा, लोकप्रिय नट होता, कम्युनिस्ट. हॅम्बुर्गच्या दिवसांपासून ग्रुंडगेन्सच्या ओळखीचा. १९३३ च्या सुरुवातीला त्याला कामावरून काढलं, नोव्हेंबरमध्ये पकडलं, आणि मारहाणीनंतर त्या महिन्याच्या २४ तारखेला तो मेला. तीन महिन्यांनी ग्रुंडगेन्स त्याच इमारतीत प्रमुखाच्या खोलीत बसला. पहिला चहा कसा लागला असेल, असं एकदा विचारून मी पुढे जातो.

१९३६ च्या वसंतात पक्षाच्या मुखपत्रात त्याच्या हॅम्लेटबद्दल असं काही छापून आलं की त्याला ती धमकी वाटली. त्याने सरळ स्वित्झर्लंडमधलं बाझल गाठलं. पुन्हा एकदा तो बाहेर होता. गोअरिंगने त्याला परत बोलावलं आणि प्रशियाचा राज्य-सल्लागार करून टाकलं. पद शोभेचं, पण त्याचा एक खरा उपयोग होता : गोअरिंगच्या परवानगीशिवाय त्याला अटक करता येत नव्हती. त्याच जूनमध्ये त्याने मारिआने होप्पे या अभिनेत्रीशी लग्न केलं.

पुढची आठ वर्षं जांदार्मनमार्क्टवर जर्मन रंगभूमीतलं उत्तम काम झालं. नाझी प्रचारनाट्य तिथे कमी, अभिजात नाटकं जास्त. १९३७ मध्ये युर्गेन फेलिंगने बसवलेल्या ‘तिसरा रिचर्ड’मध्ये क्राउस लंगडत आला, तो गोबेल्सच्या चालीने, असं प्रेक्षागृहाला वाटलं, रिचर्डचे पहारेकरी नाझींच्या तपकिरी सदऱ्यांच्या टोळीसारखे दिसत होते. हे ग्रुंडगेन्सच्या छपराखाली चाललं. दुसरीकडे १९४१ च्या ‘ओम क्रूगर’ या उघड प्रचारपटात त्याने ब्रिटिश मंत्री जोसेफ चेंबरलेनचं काम केलं. तेही त्यानेच.

कोण जगलं

त्याच्या बाजूची साक्ष भक्कम आहे. ज्यांच्या बायका ज्यू होत्या असे नट त्याने नाट्यगृहात सांभाळले. पाउल बिल्ट हा एक. पाउल हेंकल्स दुसरा, त्याला स्वतःलाच ज्यू वंशाचा म्हणून धोका होता. हॅम्बुर्गचं ते जोडपं आठवतंय? मिर्याम होर्विट्स ज्यू होती. तिला आणि त्सीगलला त्याने बर्लिनमध्ये आपल्या पंखाखाली घेतलं.

या सांभाळण्याची किंमत कळायला दुसऱ्या थिएटरमधलं एक उदाहरण पुरे. योआखिम गॉटशाल्क हा त्या काळचा मोठा सिनेमानट. बायको ज्यू. तिला सोडायला त्याने नकार दिला, त्याचं काम बंद झालं, बायको आणि मुलाला छावणीत पाठवायचं ठरलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांनी मुलासकट जीव दिला. गॉटशाल्कच्या डोक्यावर गोअरिंगचं छत्र नव्हतं, गोबेल्सचा राग होता.

आणि एर्न्स्ट बुश. कम्युनिस्टांचा लाडका गायक-नट, स्पेनच्या युद्धात आंतरराष्ट्रीय तुकड्यांसाठी गाणी म्हणणारा. कीलच्या दिवसांतला ग्रुंडगेन्सचा सोबती. फ्रान्समधून तो गेस्टापोच्या हाती लागला. देशद्रोहाचा आरोप, म्हणजे मान जाणार हे ठरलेलं. ग्रुंडगेन्सने मधे पडून वकील दिले, वजन वापरलं. शिक्षा चार वर्षं सक्तमजुरीवर आली. १९४५ मध्ये लाल सैन्याने ब्रांडेनबुर्गचा तुरुंग उघडला तेव्हा बुश जिवंत बाहेर आला.

आता इथे माझं मत सांगतो, कारण या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण जमा-खर्चाची वही काढतात. एका पानावर बुश, बिल्ट, होर्विट्स. दुसऱ्या पानावर सल्लागारपद, प्रचारपट, पहिल्या रांगेत बसलेला गोअरिंग. मग बेरीज-वजाबाकी. ही वही मला पटत नाही. बुशला वाचवणारा शब्द ज्या तोंडून गेला, त्या शब्दाला वजन कुठून आलं? त्या तोंडाने दहा वर्षं रोज रात्री गोअरिंगच्या थिएटरची शोभा वाढवली होती म्हणून. परदेशी राजदूत, पत्रकार तिथे बसून ‘फाउस्ट’ बघत आणि हे राज्य तितकंसं रानटी नसावं अशा समजुतीने घरी जात. दोन पानं वेगळी नाहीतच. एका हाताने केलेलं काम दुसऱ्या हाताने केलेल्या कामातूनच होत होतं, आणि म्हणून एकातून दुसरं वजा करता येत नाही. ग्रुंडगेन्सच्या चाहत्यांनाही हे आवडत नाही आणि क्लाउस मानच्या चाहत्यांनाही.

१९४३ मध्ये गोबेल्सने ‘सर्वंकष युद्धा’ची हाक दिल्यावर ग्रुंडगेन्सने आपणहून सैन्यात नाव घातलं आणि हॉलंडमध्ये विमानविरोधी तोफांच्या तुकडीत गेला. पुढच्या वर्षी गोअरिंगने परत आणवला. सप्टेंबर १९४४ ला जर्मनीतली सगळी नाट्यगृहं बंद झाली. युद्ध संपल्यावर रशियनांनी त्याला उचललं. याम्लिट्सच्या छावणीत नऊ महिने. सुटका झाली ती बुशसारख्यांच्या शब्दावर. यावेळी वजन दुसऱ्या बाजूला होतं. मे १९४६ मध्ये तो डॉइचेस थिएटरात श्टेर्नहाइमच्या ‘स्नॉब’मध्ये उभा राहिला तेव्हा बर्लिनकर टाळ्या थांबवेनात. प्रेक्षकांत क्लाउस मानही होता, अमेरिकी सैन्यातून नुकताच मोकळा झालेला.

मेहुण्याची कादंबरी

क्लाउसने ‘मेफिस्टो : एका कारकिर्दीची कादंबरी’ लिहिली ती १९३६ मध्ये, परागंदा अवस्थेत. आम्स्टरडॅमच्या क्वेरिडो या प्रकाशनाने ती काढली. हिटलरमुळे बाहेर पडलेल्या कितीतरी जर्मन लेखकांचं ते घर होतं. कल्पना मूळची हेर्मान केस्टन या मित्राची : तिसऱ्या राइषमध्ये, म्हणजे हिटलरच्या राज्यात, वर चढत जाणाऱ्या एका समलिंगी नटावर लिही. क्लाउसने नट ठेवला, समलिंगीपणा काढला. स्वतः समलिंगी असल्याने शत्रूवर त्या बाजूने वार करणं त्याला नको वाटलं असावं. त्याऐवजी नायक हेंड्रिक हेफगेन याला एका काळ्या नर्तकीकडे चाबूक खायला पाठवलं. हा बदल पुढे कोर्टात अंगाशी आला. खरी गोष्ट झाकायला घातलेली खोटी गोष्टच बदनामीचा मुद्दा ठरली.

बाकी हेफगेन म्हणजे कोण हे झाकायचा फारसा प्रयत्न नव्हता. हॅम्बुर्गचं थिएटर, मोठ्या घरातल्या मुलीशी लग्न, स्पेनमधलं चित्रीकरण, मेफिस्टोची भूमिका, जाड्या सेनापतीची मर्जी, नाट्यगृहाचं प्रमुखपद. पॅरिसच्या एका परागंदांच्या दैनिकाने कादंबरी क्रमशः छापताना ती ग्रुंडगेन्सवर आहे असं जाहीरच करून टाकलं. क्लाउसने लगेच निषेध कळवला. ही ओळखीच्या माणसांची कादंबरी नव्हे, असं त्याचं म्हणणं. पुस्तकाच्या शेवटीही टीप : यातली माणसं नमुने आहेत, व्यक्तिचित्रं नव्हेत. खरं सांगायचं तर अशी टीप घालावी लागते तेव्हाच वाचक नावं शोधायला बसतो.

पण लेखकाचं म्हणणं पूर्ण खोटंही नाही. हेफगेन हा ग्रुंडगेन्सपेक्षा लहान माणूस आहे. तो एका मित्राला वाचवू बघतो आणि जमत नाही म्हटल्यावर मागे सरतो. खऱ्या ग्रुंडगेन्सने बुशला सोडवलं, पण ते कादंबरीनंतर काही वर्षांनी. क्लाउसला ते १९३६ मध्ये माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला दिसत होता फक्त चढणारा माणूस, आणि त्याच जिन्याखाली मेलेला हान्स ओटो.

युद्धानंतर पुस्तक मायदेशी आणायची त्याची धडपड चालू होती. १९४९ मध्ये एका पश्चिम जर्मन प्रकाशकाने करार बाजूला ठेवला. कारण सरळ लिहिलं : ग्रुंडगेन्स यांचं इथे आता मोठं स्थान आहे. क्लाउसने १२ मे रोजी जळजळीत उत्तर धाडलं. २१ मे ला तो कानमध्ये मेला, वय बेचाळीस. नकाराने मेला असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे, मरणाची ओढ त्याला फार आधीपासून होती. पण टपालाच्या तारखा तारखाच राहतात.

पांढरा चेहरा

ग्रुंडगेन्सचं वजन खरंच वाढलं होतं. १९४७ पासून ड्युसेलडॉर्फची रंगभूमी त्याच्या हाती, १९५५ पासून हॅम्बुर्गचं डॉइचेस शाउश्पीलहाउस. १९५९ मध्ये त्याने कम्युनिस्ट विचारांचा नाटककार ब्रेश्ट याचं ‘कत्तलखान्यांची संत योहाना’ पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. पश्चिम जर्मनीत ब्रेश्टवर राजकीय बहिष्काराची भाषा चालू असताना ही गोष्ट लहान नाही.

आणि १९५७ ला पुन्हा ‘फाउस्ट’. विल क्वाडफ्लीग फाउस्ट, हा मेफिस्टो, दिग्दर्शनही याचंच. नेपथ्य टेओ ओट्टोचं : रंगमंचावर लाकडी फळ्यांचा दुसरा उघडा रंगमंच. वालपुर्गिसच्या रात्रीच्या चेटकिणींच्या धिंगाण्यामागे अणुस्फोटाचा ढग. नाटक मॉस्को-लेनिनग्राडला गेलं, १९६१ ला न्यूयॉर्कला. १९६० मध्ये त्याचा रंगीत चित्रपट झाला, दिग्दर्शक पेटर गोर्स्की, ग्रुंडगेन्सचा दत्तक मुलगा.

तो चित्रपट जरूर बघावा, आणि जर्मन येत नसेल तर आवाज बंद करून नुसता चेहरा बघावा. रंग पांढराफटक, मानेपर्यंत. केस काळ्या घट्ट टोपीखाली गेलेले. भुवया कानशिलाकडे उडालेल्या. ओठ लाल. एवढ्या जाड रंगाखाली नटाचा चेहरा मरायला हवा. इथे उलट होतं : रंग स्थिर आहे म्हणून डोळ्यांची बारीकशी हालचालही शेवटच्या रांगेपर्यंत जाते. फाउस्ट लांबलचक बोलतो आणि हा ऐकतो. ऐकताना मान किंचित कलते, आणि समोरचा किती पाण्यात आहे हे याला कळलेलं आपल्याला कळतं. साठीला आलेला माणूस आहे, पण उडी मारून टेबलावर बसतो. तालीम किती झाली असेल याचा अंदाज नाटकवाल्यालाच येईल.

१९६३ मध्ये त्याने हॅम्बुर्ग सोडलं आणि जगप्रवासाला निघाला. ७ ऑक्टोबरला मनिलात मेला. पाकिटावर चिठ्ठी होती : झोपेच्या गोळ्या जरा जास्तच झाल्या असं वाटतंय, काहीतरी विचित्र होतंय, मला नीट झोपू दे. ही चूक होती की ठरवून केलेलं, यावर वाद घालणारे अजून घालतात.

कोर्टात

म्युनिकच्या न्युम्फेनबुर्गर प्रकाशनाने क्लाउसचं साहित्य काढायला घेतलं होतं. ‘मेफिस्टो’ त्या यादीत होतं. भावाच्या पुस्तकांमागे एरिका ठामपणे उभी होती. पूर्व बर्लिनमध्ये ही कादंबरी १९५६ लाच निघाली होती, पण ती भिंतीपलीकडची गोष्ट. गोर्स्कीने दावा लावला : वडिलांची बदनामी थांबवा.

हॅम्बुर्गच्या जिल्हा न्यायालयाने १९६५ मध्ये दावा फेटाळला. पुस्तक बाजारात आलं. मग वरच्या न्यायालयाने आधी वाचकांसाठी खुलाशाची प्रस्तावना घालायला लावली आणि मार्च १९६६ मध्ये सरळ बंदी घातली. १९६८ ला सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती कायम केली. राहिलं घटना न्यायालय. तिथला निकाल यायच्या आधी, १९६९ मध्ये, एरिकाही गेली. १९२५ च्या नाटकातल्या चौघांपैकी आता एकटी पामेला उरली होती.

निकालाचे मुद्दे थोडक्यात असे. कलेच्या स्वातंत्र्याला जर्मन घटनेत साध्या कायद्याची मर्यादा नाही. कलम ५ त्याला मोकळं सोडतं. मर्यादा आलीच तर घटनेतूनच यायला हवी. ती कलम १ मधून येते : माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे, आणि माणूस मेला म्हणून ती संपत नाही. इथवर न्यायालयात फारशी फूट नव्हती. फूट पडली ती ही तराजू या कादंबरीवर कशी धरायची यावर. तिघांच्या मते खालच्या न्यायालयांनी नीट धरली होती. कादंबरीतला माणूस मूळ माणसापासून पुरेसा सुटलेला नाही, आणि त्याच्या अंगावर खोट्या, काळ्या गोष्टी चढवल्या आहेत.

उरलेल्या तिघांपैकी दोघांनी आपली भिन्नमतं लिहून ठेवली, एर्विन श्टाइन आणि विल्ट्राउट रुप-फॉन ब्र्युनेक. आज वाचण्यासारखी तीच आहेत. श्टाइनचा मुद्दा साधा होता : कादंबरी म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. प्रत्येक प्रसंग खऱ्या माणसाशी ताडून बघायचा आणि जुळला नाही की खोटा म्हणायचा, ही कादंबरी वाचायची रीतच नाही. रुप-फॉन ब्र्युनेक यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. हा नट काही खासगीत जगलेला गृहस्थ नव्हता, त्या काळाच्या इतिहासाचा तो भाग होता. त्यावर लोकांनी बोलायचं नाही तर कशावर?

मला वाटतं, चूक मुळात दाव्यात होती. ग्रुंडगेन्सची अब्रू वाचवायची तर सांगायला हवं होतं की हा माणूस हेफगेनपेक्षा मोठा होता, बघा, बुश जिवंत आहे, विचारा त्याला. त्याऐवजी दावा पुस्तक दडपायचा लावला. त्यामुळे कोर्टाला बुश आणि गोअरिंग हे एकाच वाक्यात बोलावे लागलेच नाहीत. आणि कादंबरीतला नट आणि खरा नट यांना एकत्र बांधण्याचं काम बंदीने जितकं पक्कं केलं तितकं पुस्तकाने एकट्याने कधीच केलं नसतं.

२००७ मध्ये ‘एस्रा’ या दुसऱ्या कादंबरीच्या खटल्यात हेच न्यायालय श्टाइनच्या बरंच जवळ सरकलं. कादंबरी ही आधी कल्पित मानायची, असं तिथे मान्य झालं. गंमत म्हणजे त्या कादंबरीवर मात्र बंदी राहिली, कारण तिथली दुखावलेली बाई जिवंत होती.

१९७१ च्या निकालातच एक फट होती. मृताच्या प्रतिष्ठेचं रक्षण कायमचं नसतं, त्याची आठवण पुसट होत जाते तसतसं ते कमी होतं, असं न्यायालयांनी म्हणून ठेवलं होतं. १९७९ मध्ये पॅरिसजवळ व्हँसेनमध्ये आरिआन म्नुश्किन या फ्रेंच दिग्दर्शिकेने ‘मेफिस्टो’ रंगमंचावर आणलं. जर्मन वाचक पूर्व जर्मनीतल्या प्रती आणि चोरून छापलेल्या प्रती मिळवत होतेच. १९८१ च्या सुरुवातीला रोव्होल्ट या प्रकाशनाने पुस्तक कागदी बांधणीत सरळ छापून टाकलं. बंदी उठवणारा हुकूम कुठलाही निघाला नव्हता. कुणीही कोर्टात गेलं नाही. आवृत्त्यांवर आवृत्त्या संपल्या.

त्याच वर्षी हंगेरीच्या इश्तवान साबोचा चित्रपट आला आणि १९८२ मध्ये परदेशी चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. क्लाउस मारिया ब्रँडाउअर त्यात हेफगेन आहे. श्रेयनामावलीत ग्रुंडगेन्सचं नाव असायचं काही कारण नव्हतं. पण हेफगेन मेफिस्टो होऊन पहिल्यांदा उजेडात येतो तेव्हा रंग पांढराफटक आहे, केस काळ्या घट्ट टोपीखाली गेलेले आहेत, आणि भुवया कानशिलाकडे उडालेल्या.